शेवंतानं घासलेली वाटी

कॉलेजातले लोक आले आणि म्हणले, सरांवर लिहा. दिवाळी अंकात चार प्राध्यापक त्यांच्या विचारांवर लिहिणार आहेत, तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय, तुम्हीही चार पानं द्या. मी म्हणलं, मी चौथी शिकलेला माणूस. ते म्हणले, चालतंय, आम्ही नीट करून घेऊ. नीट करू नका. जसं लिहितो तसं छापा. जमत नसंल तर कागद परत पाठवा, पाठकोरे हायेत, चुलीला तरी येतील.

सर केवढे मोठे होते ते प्राध्यापक सांगतीलच. अर्थशास्त्र शिकवायचे, परदेशात शिकून आलेले, त्यांचं पुस्तक अजून लांबलांब शिकवतात म्हणे. मी ते पुरतं वाचलेलं नाही. मी पाणी सोडायचो. पंधरा-सोळा वर्षं आमच्या गावच्या पाणी सोसायटीचा पाणीवाला होतो. सर बोलायचे आणि मला ते फावड्यानं करून दाखवावं लागायचं, म्हणून मला जे कळलं ते फावड्याकडून कळलं.

आमचं गाव नेकनूरला एसटीतून उतरून दीड तास चालत. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं कामं काढली तेव्हा मी आणि आमची मंडळी शेवंता, दोघं पाझर तलावाच्या मातीवर होतो. मी खोदायचो, ती पाटीनं वाहायची. तलाव झाला, त्याच्याखाली विहीर झाली, विहिरीवर इंजिन बसवायचं ठरलं. आता खरी गंमत. माती सगळ्या गावानं वाहिली, पण पाणी कुणाचं? विहिरीभोवतीची जमीन रंगनाथ बप्पांची. गावातले मोठे शेतकरी. ते म्हणले, ज्याची जमीन त्याचं पाणी, जगाची रीत हाय. आमच्या वस्तीत तर कुणाला वीतभर जमीन नव्हती. छप्पनला आमच्या बापांनी धर्म बदलला, सातबारा काही बदलला नाही.

तेवढ्यात सर आले. दुष्काळी कामावरच्या माणसांची पाहणी करायला आठ दिवसांसाठी आले आणि सात वर्षं राहिले. कॉलेजची नोकरी सोडून दिली. अंगानं काडी. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या. काही ऐकलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. शेतीतलं ओ का ठो कळत नव्हतं, विहिरीत डोकवायला भ्यायचे, तुरीच्या शेताला एकदा ताग म्हणले. पण माणसाला असा एक शब्द टाकायचे, "मग?", की समोरच्याला पुढचं बोलावंच लागायचं.

शाळेपुढं बैठक बसली. सरांनी विचारलं, "बप्पा, जमीन पाण्यावाचून मरते का?"

बप्पा हसले. "जमीन कशाची मरती? पडून ऱ्हाती."

"आणि माणूस?"

"माणूस मरतोय की."

"मग?"

बप्पा पागोटं सारखं करायला लागले. सर म्हणले, "मग माणसं मोजू. जमीन नको मोजायला."

सरांचा सगळा विचार तो एवढाच. घरात खाणारी तोंडं किती, त्यावर पाणी. जमीन असो नसो. नसंल त्यानं गायरान कसावं, नाहीतर कुणाच्या शेतात वाट्यानं पीक घ्यावं आणि आपलं पाणी तिथं न्यावं. ऊस कुणी लावायचा नाही, कावून की ऊस एकटाच सगळ्यांचं पिऊन बसतो. बप्पांनी हे ऐकून घेतलं, कावून की सोसायटी नोंदवायला सगळ्या घरांच्या सह्या-अंगठे लागत होते आणि आमच्या वस्तीचे अंगठे त्यांना पाहिजे होते.

पाणीवाला मला केलं. सरांचं म्हणणं, वाटणाऱ्याला जमीन नसावी, म्हणजे त्याचा हात आपल्याच वाफ्याकडं वळणार नाही. चार लोक कुरकुरले की पाण्याला यांचा हात कसा? सर म्हणले, "तलावाच्या मातीला लागला तेव्हा चालला ना?"

आता काम सांगतो. पाट चालू असला की एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. याला आम्ही दारं धरणं म्हणतो. दिसायला सोपं. पण इंजिनाचा आवाज कानात पाहिजे, उंदराचं बीळ पायाला कळलं पाहिजे, आणि ज्याची पाळी संपली तो माणूस "जरासं ऱ्हाऊ दे" म्हणत समोर उभा असताना तोंड बुजवता आलं पाहिजे. एक जण बैलं माणसात धरा म्हणून आठ दिवस भांडला. एकानं मेलेल्या बापाचं तोंड दोन वर्षं चालू ठेवलं होतं, मी विचारलं तर म्हणला, "धोंडिराम, बापाला एकदम कसा काढू?" एका बाईला दिवस गेलते, तिचा नवरा म्हणला, पोटातलं मोजा. सर दोन दिवस विचार करत बसले. शेवंता म्हणली, "पोटातलं पाणी पितंय का न्हाई? मंग मोजा." सरांनी चिठ्ठी काढली.

शेवंता अशीच. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदा सर आमच्या घरी जेवायला बसले होते आणि लई खुशीत सांगत होते, "शेवंताबाई, मला नियम सापडला. वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं. म्हणजे तो नीट वाटतो."

ती तव्यावरची भाकरी पालटत म्हणली, "हे तर आमी बाया रोजच करतो. आमच्या वाट्याला नीट येतंय का?"

सरांचा घास हातात राहिला.

"शेवटी घेणारीला उरलं का न्हाई, ते कोन बगतंय?" ती म्हणली. "पैलं तिचं काढून झाकून ठिवा. मंग वाटा. घिऊ द्या तिला शेवटी, पर झाकलेलं आसूं द्या."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पाटीवर सगळ्यात वर माझं नाव खडूनं लिहिलं गेलं. पाणीवाल्याचा वाटा आधी बाजूला, घ्यायचा मात्र शेवटी. बप्पा पाटीपुढं उभे राहून म्हणले, "धोंड्या, तुझं नाव वरी गेलं की बे." मी म्हणलं, "बायकोनं घातलं, बप्पा."

पाळी मोजायची कशानं, हा पुढचा घोळ. घड्याळ गावात दोन, एक बप्पांचं, एक सरांचं. सर म्हणले, घड्याळ ज्याच्या मनगटावर त्यालाच दिसतं, बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. सगळ्यांना दिसणारं काही नाही का? जोशीबुवांकडं लग्नातली घटका होती. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून हळूहळू पाणी वर येतं, वाटी भरते आणि टुपकन बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. आंधळ्याला ऐकू येतं, अडाण्याला दिसतं. सर लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या पुस्तकात म्हणे यावर मोठं प्रकरण आहे.

पाट दोन होते. वरचा बप्पा आणि बाकी शेतकऱ्यांकडं, खालचा आमच्या वस्तीनं कसलेल्या गायरानाकडं. माणसं दोन्हीकडं जवळपास सारखी, म्हणून वाट्याही सारख्या. आधी दहा वाट्या वर, मग तेच पाणी वळवून दहा वाट्या खाली. वरच्या पाटावर जोशीबुवांची वाटी, मोजणार मी. खालच्यासाठी बीडच्या कासाराकडून तशीच दुसरी करून आणली, मोजणार शेवंता. तिच्या दहा झाल्या की ती थाळी वाजवायची आणि मी पाणी वर घ्यायचो.

तीन वर्षं झकास चाललं. मग पुन्हा पावसानं दगा दिला. तलावात पाणी बुडाशी. त्या साली कार्तिकात आमची गायरानावरची शाळू ज्वारी गुडघ्याला आली आणि पानं गुंडाळून उभी राहिली. वस्तीत ऊसतोडीचा मुकादम येऊन बसला होता. आमच्याकडं पीक गेलं की माणसं कोयता घेऊन उसाला जातात, शिरूर कासारकडं तर गावंच्या गावं जातात. आणि सोसायटीचा नियम होता, जो हंगामभर गावात नाही त्याचं तोंड पाटीवरून पुसायचं. म्हणजे वस्ती गेली की वस्तीचं पाणी गेलं. मिळवलेलं सगळं गेलं.

आणि एक दिवस सकाळी वस्तीतली पन्नास माणसं बांधावर माझ्यापुढं उभी. पुढं सुभाष, दहावी नापास, तोंडानं फटकळ.

"कितीत बसला बे सौदा?" मला म्हणला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा मला बे म्हणला.

"कसला सौदा?"

"मागल्या साली धा वाट्यांत आपला शेवटचा वाफा भिजायचा. औंदा चार वाफे कोरडे हायेत. वरी जाऊन बघ, बप्पांच्या शेवटच्या वाफ्यात पाणी साचून ऱ्हातंय. पाणी कुटं गेलं?"

शेवंता मधी पडली. "वाट्या मी मोजते. धाला एक कमी न्हाई."

"वैनी, तुमी मोजता. पाणी सोडतो कोन?"

मला खरंच कळत नव्हतं. इंजिन तेच, पाट तोच, वाट्या दहा. मग पाणी जातं कुठं? एक म्हातारी म्हणली, "धोंडिराम, तुझा बाप चांगला व्हता रं." याच्यापेक्षा फावडं मारलं असतं तर बरं. सुभाष म्हणला, आम्ही परवा मुकादमाच्या ट्रकात बसतो, पाणी तुला आणि बप्पाला लखलाभ.

कुणीतरी सरांना बोलावून आणलं. मागोमाग बप्पा आले, बप्पांची मंडळी, ज्यांना सगळे काकी म्हणायचे, त्याही आल्या. सरांनी ऐकून घेतलं, मग म्हणले, "पाणी कमी पडलंय, हे खरं मानू. चोर मग शोधू. आधी माप बघू. दोन्ही वाट्या एका घंगाळात सोडा."

बघा, इतक्या वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वाटी म्हणजे वाटी, तिच्यावर कोण संशय घेतो?

वरचं घंगाळ मधी आणलं. माझी वाटी काळी ठिक्कर, बुडाला पांढरा थर, कावून की आमचं पाणी जड आणि मी जन्मात भांडं घासलेलं नाही. शेवंताची वाटी उन्हात बघवत नव्हती इतकी लखलखीत. दोन्ही एकदम सोडल्या. आणि सगळी माणसं, वरची खालची, घंगाळाभोवती कुस्ती बघावी तशी गोळा झाली. वरचा कोण, खालचा कोण, कुणाला भान राहिलं नाही, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकले होते. सुभाष म्हणला, "काळी आधी बुडणार, थर साचून जड झालीय." बप्पा म्हणले, "लाव पैज."

लखलखीत वाटी टुपकन बुडाली.

काळी तरंगत होती. एकानं बिडी पेटवली, ओढली, थोटूक टाकलं, काळी तरंगतच. दुसऱ्यानं तंबाखू मळला, खाल्ला, थुंकला. तेव्हा कुठं ती गेली.

सगळे शेवंताकडं बघायला लागले. ती आपल्या हाताकडं बघत होती.

"मी घासली," ती म्हणली. "रोज घासली. चिच्चेनं, विटकरीनं. भोकात पांढरं धरायचं म्हणून दाभण घालत व्हते."

दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. तांबं मऊ. तीन वर्षांत भोक दुणावलं होतं. आणि माझ्या वाटीचं भोक थरानं बारीक होत गेलं होतं. वरची घटका लांबली, खालची आखडली, आणि दोघं नवराबायको दहा दहा मोजत होतो, अगदी इमानदारीनं.

सुभाष ओरडला, "पर एवढी घासायची कावून?"

"कावून म्हंजी?" शेवंता त्याच्यावर उलटली. "आपल्या हातातलं भांडं काळं दिसलं आस्तं, तर वरच्यांनी काय म्हणलं आस्तं, तुला म्हाईत न्हाई?"

वरच्यांनी खाली बघितलं. सरांचा हात खिशाकडं गेला आणि रिकामाच बाहेर आला. ते एकदाच मी पाहिलं, चिठ्ठी न लिहिलेली.

बप्पांनी घसा खाकरला. "झालं तर मग. चोरी न्हाई, चोर न्हाई. हितून पुढं नीट करा."

सर म्हणले, "मग?"

"मग काय?"

"वर जास्तीचं गेलेलं पाणी?"

"आमी चोरलं का सर?"

"नाही. पण प्यालात."

एवढे दोन शब्द. त्या चार प्राध्यापकांनी यावर चाळीस पानं लिहावीत, माझी हरकत नाही. चोरी झाली नाही तरी एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातं, आणि ज्याच्या ताटात गेलं त्याला ते आपलंच वाटतं. हे मला त्या दिवशी फावड्यावर रेलून उभा असताना कळलं.

बप्पांना पटलं नाही. "तलाव तळाला गेलाय, उद्या आमचं पीक बी सुकंल. आता परत द्यायचं म्हंजी आमी मरायचं का?" वरची माणसं त्यांच्या मागं सरकली, खालची सुभाषच्या मागं. मघाशी एका घंगाळावर वाकलेली माणसं पुन्हा दोन झाली. वाटलं, गेली सोसायटी.

तेव्हा शेवंता घंगाळात हात घालून आपली वाटी काढत म्हणली, "आधी मापाचं बगा. दोन वाट्या नगंत. एकच ठिवा. पाणी वरी गेलं की वाटी बी वरी, पाणी खाली आलं की वाटी बी खाली."

"कोणती ठेवायची?" बप्पा म्हणले. "ती तुझी तर लवकर बुडती."

"सगळ्यांला सारखीच लवकर बुडंल की."

सर हसले. त्यांना हसू आवरेना. पण वाटी वरखाली नेणार कोण? मी दारं सोडून पळू शकत नव्हतो. काकी पुढं आल्या. चेहऱ्यावरून पदर मागं सारला आणि म्हणल्या, "वरची म्या मोजीन. आन हिकडं. खाली ठिव, मी उचलते."

वाईट बाई नव्हती. सवयीनं बोलली. आमच्याकडून घ्यायचं ते असंच घ्यायचं, आधी भुईवर ठेवायचं, मग उचलायचं, पिढ्यानपिढ्या. सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं शेवंता आता तोंड सोडणार.

ती म्हणली, "काकी, खाली ठिवली की भोकात माती जाती. मंग माप चुकतं. हातात घ्या."

बांधावर शंभर माणूस. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. काकींनी बप्पांकडं बघितलं नाही. हात पुढं केला आणि वाटी शेवंताच्या हातातून घेतली. बोटाला बोट लागलं. काकींनी वाटी उलटी केली, भोकातून उजेड बघितला.

"लई घासलीस गं," म्हणल्या. "आमच्या घरची बी आशी न्हाईत." मग बप्पांना, "आपली दोन दिसाची पाळी खाली जाऊ द्या."

बप्पांनी एकदा तलावाकडं बघितलं. मग म्हणले, "धोंडिराम, दारं खाली मोड."

धोंड्या नाही, धोंडिराम. पण ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी पळत होतो. फावडं मारून वरचं तोंड बुजवलं, खालचं फोडलं आणि पाण्याच्या पुढं पळालो, बाया मागं, म्हातारी मागं. कोरड्या पाटात पाणी फेस धरून आवाज करत येत होतं. पहिला कोरडा वाफा भिजला, दुसरा, चौथ्याच्या तोंडाशी सुभाष आधीच फावडं घेऊन उभा. माफी त्यानं मागितली नाही. म्हणला, "दादा, हितून पुढं मी धरतो, तुमी बसा." तुमी म्हणला. मला पुरलं.

मुकादमाच्या ट्रकात आमच्या वस्तीतलं एकच घर बसलं. ज्वारी कंबरेएवढीच झाली, पण कणसाला आली. त्या घराचं सोडलं तर पाटीवरचं एकही नाव पुसावं लागलं नाही.

पुढचं थोडक्यात. सर आजारी पडून गावातून आपल्या घरी गेले, तिकडंच वारले. सोसायटी आणखी काही वर्षं चालली. मग बोअर आले. ज्याची ऐपत त्यानं आपलं भोक पाडलं, ऊस लावला, सगळ्यांना दिसणारं पाणी जमिनीखाली गेलं आणि ज्याच्या त्याच्या मनगटावरच्या घड्याळासारखं झालं. त्याचा मला राग आहे. आमची पोरंही त्यातच आहेत.

सरांच्या पुस्तकातलं ते प्रकरण सुभाषनं मला एकदा वाचून दाखवलं. तो पुढं शिकला, मास्तर झाला, आता रिटायर झालाय. त्यात लिहिलंय, वाटणाऱ्यानं शेवटी घ्यावं पण त्याचा वाटा आधी राखून ठेवावा, आणि खाली लिहिलंय की हे एका ग्रामीण स्त्रीनं सुचवलं. एका ग्रामीण स्त्रीनं. सर, तुम्ही तिच्या हातची भाकरी सात वर्षं खाल्लीत. तीन अक्षरं होती, शेवंता. एवढ्या जाड पुस्तकात तेवढी जागा नव्हती?

पण सरांना काय बोलू. सोसायटीत माझा वाटा पंधरा वर्षं पाटीवर आधी लिहिला गेला. घरात मी आधी जेवायचो आणि टोपल्यात मागं काय राहिलं ते कधी बघितलं नाही. नियम तिनं माझ्याच चुलीपुढं सांगितला होता, मी तिथंच बसलो होतो, तरी मला तो पाण्याचाच वाटला. गेल्या साली शेवंताला तपासून डॉक्टर म्हणला, यांच्या अंगात रक्तच नाही, हे आजचं नाही, लई जुनं आहे. शेवटचे दोन महिने मी भाकरी थापायचो. पहिली तिची काढून झाकून ठेवायचो. तिला गिळत नव्हती. चैत्रात गेली.

हे लिहायचं कारण आता सांगतो. कॉलेजात सरांच्या नावाचं काचेचं कपाट केलंय. त्यांचा चष्मा ठेवलाय, चिठ्ठ्यांचा डबा ठेवलाय. त्यांना वाटीही पाहिजे. खाली लावायची चिठ्ठी टाइप करूनच आणली होती, "सरांनी पाणीवाटपासाठी वापरलेली वाटी." मी म्हणलं, सरांनी ही वाटी कधी हातात धरली नाही. शेवंताचं नाव लिहा आणि घेऊन जा. ते एकमेकांकडं बघून म्हणले, कमिटीपुढं ठेवतो.

ठेवा. तोवर वाटी माझ्या घरी आहे. रोज चिंच आणि विटकर लावून घासतो. भोक आणखी मोठं होत असंल, होऊ द्या, आता ती कुणाची पाळी मोजत नाही. जेव्हा देईन तेव्हा काळी देणार नाही.